पाण्याखालचा हिशेब

मरण माणसाला एकदाच येतं, पण अन्याय त्याला रोज उठून मारतो, असं धाकट्या जावयांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी अजून कोणाला ऐकवलेलं नव्हतं. ते घसा खाकरेपर्यंत थोरले जावई बोलायला लागलेले असत.

धाकट्यांचं चष्म्याचं दुकान होतं. थोरले विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, आणि गप्प बसणं हा एक आजार असून त्याला विमा लागू होत नाही अशा समजुतीनं वागत. दोघं साडू. एकमेकांना 'साडूभाऊ' म्हणत, पण धाकटे ते म्हणताना दात आवळत.

झालं होतं असं की काही वर्षांपूर्वी सासरे बाथरूममध्ये अडकले. गोल मुठीचं कुलूप आतून बसलं ते बसलंच. बाहेर अख्खं घर ओरडत होतं, आत सासरे. धाकट्यांनी शांतपणे खिशातून चष्म्याचे स्क्रू पिळायचा बारीक पेचकस काढला, मुठीच्या मधल्या भोकात खुपसला, दाबला, आणि सासरे टॉवेलासकट बाहेर आले. थोरले त्या वेळी सुतार शोधायला गेले होते.

पहिल्या वर्षी थोरले ही गोष्ट "आम्ही दार उघडलं" अशी सांगत. दुसऱ्या वर्षी "आम्ही"चं "मी" झालं. पुढे पेचकससुद्धा त्यांच्याच खिशातून निघू लागला आणि सुतार शोधायला धाकटे जाऊ लागले. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला तर खुद्द सासऱ्यांनी थोरल्यांचे आभार मानले. धाकट्यांनी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "जाऊ द्या ना. कोणी का उघडलं असेना, बाबा बाहेर आले हे महत्त्वाचं."

त्या दिवसापासून धाकट्यांना त्या पेचकसाकडे बघवत नसे. सासऱ्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा 'शाब्बास' यावं आणि ते ऐकायला थोरले समोर असावेत, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

यंदा सगळं घर एका सहल कंपनीबरोबर समुद्रकाठी आलं होतं. तिसऱ्या दिवशी बोटीवर एका दणकट प्रशिक्षकानं स्कूबा डायव्हिंगची माहिती द्यायला सुरुवात केली. पाठीवर टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क. बोट धक्क्यापासून फार लांब गेली नव्हती. धक्क्याच्या दुरुस्तीची ठाकठूक ऐकू येत होती. धाकट्यांना बादलीभर पाण्याचीही भीती वाटे, त्यामुळे ते निवांतपणे दुसऱ्या कोणाच्या तरी मरणाचा विचार करत होते. एवढ्यात प्रशिक्षक म्हणाला,

"खाली गेल्यावर कोणालाही बोलता येत नाही. फक्त खुणा."

धाकट्यांचा हात आपोआप वर गेला. "आम्ही दोघं!" ते म्हणाले. "मी आणि साडूभाऊ."

"अहो, तुम्ही?" बायको म्हणाली. "तुम्हाला शॉवर चालत नाही!"

"चला की!" थोरले म्हणाले. "मी कॉलेजात असताना तळ्यात सूर मारला होता ना, तेव्हा आमचे प्राचार्य..."

प्राचार्यांचं काय झालं ते कळायच्या आत प्रशिक्षकानं त्यांच्या तोंडात नळी घातली. धाकट्यांना हा माणूस एकदम सख्ख्या भावासारखा वाटला.

खुणा सोप्या होत्या. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल म्हणजे सगळं ठीक. अंगठा वर म्हणजे वर चला. एका पंजावर दुसरा पंजा ठेवून दोन्ही अंगठे हलवले की कासव. अडचण एकच निघाली. मास्कखाली चष्मा बसत नव्हता. धाकट्यांचा नंबर उणे सात. जिनासुद्धा चष्म्याशिवाय उतरू नये, असं गिऱ्हाइकांना आयुष्यभर बजावलेला हा माणूस चष्मा बायकोच्या हातात देऊन समुद्रात उतरला. सूड घ्यायला नंबर लागत नाही.

खाली सगळं हिरवं आणि गढूळ होतं. निदान धाकट्यांना तरी. एक प्रशिक्षक त्यांच्या दंडाला धरून होता, दुसरा हातभर अंतरावरच्या लांबट आकृतीच्या. ती आकृती म्हणजे थोरले. आणि ते गप्प होते! इतक्या वर्षांत पहिल्यांदा या माणसाच्या तोंडाला बूच बसलं होतं. धाकट्यांनी नळी दातांत घट्ट धरली आणि आतल्या आत गर्जना केली.

"बाबांना बाथरूममधून मी बाहेर काढलं!"

बुडबुडे निघाले. समोरच्या आकृतीनं बोटांचा गोल केला. सगळं ठीक.

"तू सुतार शोधायला गेला होतास! आणि तोही तुला मिळाला नव्हता!"

गोल.

"पेचकस माझा होता, चोरा! खोटारड्या! विमा विकून विकून जीभ सैल झालीय तुझी!"

गोल. गोलावर गोल. सगळे गुन्हे कबूल. धाकट्यांना धन्य वाटलं. अहो-जाहो केव्हाच सुटलं होतं आणि ठेवणीतल्या शिव्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. पण माणूस शिव्या हवेवरच देतो, आणि इथे हवा मोजकी होती. प्रशिक्षकानं बुडबुड्यांचा तो लोंढा पाहिला, टाकीचा काटा पाहिला, हा घाबरला असं ठरवलं आणि अंगठा वर केला.

वर जाता जाता धाकट्यांना दिसलं की थोरल्यांनी पंजावर पंजा ठेवला आहे. अंगठे जोरजोरात हलताहेत. मग एक हात खाली कशाकडे तरी रोखला गेला. धाकट्यांनी डोळे ताणले. त्यांना एक काळपट ठिपका दिसला.

बोटीवर त्यांना, पोतं उलटं करून झटकतात तसं, आत घेतलं. बायकोनं नाकावर चष्मा चढवला. सासरे पुढे वाकले.

"इतक्यात वर? काही दिसलं का?"

धाकट्यांनी पाण्याकडे पाहिलं. थोरले अजून खालीच होते. बोटीवर शांतता होती आणि सगळे धाकट्यांकडे पाहत होते. असा योग त्यांच्या लग्नातही आला नव्हता.

"कासव," ते म्हणाले.

"काय सांगता! केवढं?"

"परातीएवढं. पाठीवर नक्षी. माझ्याकडे मान वळवून पाहिलं त्यानं." मग, आता सुरुवात झालीच आहे तर, त्यांनी भर घातली, "डोळे मिचकावले."

"शाब्बास!" सासरे म्हणाले आणि त्यांच्या ओल्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास, जावईबापू!"

थोरले वर आले तेच नळी थुंकून. "कासव! बाबा, मी खाली एक..."

"कळलं," सासरे म्हणाले. "धाकट्यांनी पाहिलं. तुम्ही कुठे होता तेव्हा?"

"अहो, मीच तर यांना दाखवलं!"

"तुमचं नेहमीचंच," थोरल्यांची बायको म्हणाली. "जगात जे काही दिसतं ते तुम्हीच दाखवता."

थोरल्यांचं तोंड उघडं राहिलं. त्यातून काहीच बाहेर आलं नाही. धाकट्यांनी तो क्षण पेढ्यासारखा जिभेवर घोळवला आणि मग अतिशय मायेनं म्हणाले, "जाऊ द्या ना, ताई. कोणी का पाहिलं असेना, कासव दिसलं हे महत्त्वाचं."

परतीच्या वाटेवर त्यांनी कासव तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ते त्यांच्या भोवती फेरी मारून गेलं.

संध्याकाळी हॉटेलच्या जेवणघरात मोठ्या पडद्यावर सहल कंपनीनं प्रशिक्षकाच्या कॅमेऱ्यातलं डायव्हिंगचं चित्रीकरण लावलं. धाकटे सासऱ्यांच्या शेजारी, मानाच्या खुर्चीवर. थोरले कोपऱ्यात सूप ढवळत. पडद्यावर आधी नुसते बुडबुडे आले. सासऱ्यांनी कौतुकानं विचारलं, "हे तुमचे का?" मग कॅमेरा थोरल्यांच्या हाताच्या रोखानं खाली गेला, प्रकाश पडला आणि चित्र स्वच्छ झालं.

जेवणघरात चमचे थांबले. सासरे पडद्याकडे पाहत होते. मग त्यांनी धाकट्यांकडे पाहिलं.

"डोळे मिचकावले म्हणालात ना?"

कोपऱ्यातून घसा खाकरल्याचा आवाज आला. "बाबा," थोरले म्हणाले, "मी वर आल्या आल्या हेच सांगणार होतो, पण मला कोणी बोलू देईल तर ना."

ते धक्क्याच्या कामावरून पडलेलं सिमेंटचं घमेलं होतं. त्याची एक कडी तुटलेली होती.