चार बोटं खिडकी

धाकट्या जावेच्या खोलीत गारवा आणि माझ्या खोलीत घामाच्या धारा, हे मला सोसण्यासारखं नव्हतंच. मी काही संत नाही.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात धाकट्या दिरांनी आमच्या राहाता गावातल्या घरात कूलर बसवला. नवी नवरी पुष्पावती नगर शहरातली, तिला ऊन बाधेल म्हणून, असं माझं मत. पडवीत वाळ्याचे पडदे लावलेला पत्र्याचा खोका, त्यातून दोन नळकांडी निघालेली. एक तिच्या खोलीत, एक माझ्या. दोन्हींच्या झडपा पडवीतच. बसवणारे गनीभाई म्हणाले, "येवढा कूलर दोनी खोल्यांला पुरायचा न्हाई. जिथं मानूस आसंल तिथलीच झडप उघडा. आन खिडकी चार बोटं उघडी ठेवा. आतली हवा भाईर गेल्याबगर नवी आत यायची न्हाई."

"वाफ्याचं तोंड बांधल्याबगर पानी ऱ्हातं व्हय?" मी म्हणाले. कष्टाची गार हवा बाहेर सोडायला मी काय येडी? खिडकी गच्च लावून फटींत चिंध्या कोंबल्या.

तीन दिवसांत आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, आपली खाट माझ्या खोलीतून पुष्पावतीच्या खोलीत हलवली. "तुज्या खोलीत लई घुसमटतं गं, गोजर," म्हणाल्या. अठरा वर्षं त्यांचे पाय मी चेपले, आणि काल आलेली पोर त्यांना घेऊन गेली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीच गुपचूप माझी झडप लावत असणार, याबद्दल मला शंकाच नव्हती.

चौथ्या दिवशी जेवणं उरकल्यावर मी पडवीत गेले. तिची झडप लावून टाकायची, असं ठरवूनच. बघते तर तिची लावलेलीच होती. माझी सताड उघडी.

मग त्या खोलीत गारवा कसला? मी दार लोटलं. आत्याबाई झोपल्या होत्या. पुष्पावती उशाशी बसून ओल्या पंख्यानं वारा घालत होती. तिचं पोलकं घामानं पाठीला चिकटलं होतं.

"तुजी झडप का लावली गं?"

"आक्का, तुमच्याकडं उकडतं ना, म्हणून रोज सगळी हवा तिकडंच सोडते," ती हळूच म्हणाली. "अजून गार येत नाही का?"

मी माझ्या खोलीत गेले. चिंध्या उपसल्या, खिडकी चार बोटं उघडली. थोड्याच वेळात पाठीवर गार झुळूक आली. लाज वाटली. पण खरं सांगते, लाजेपेक्षा हेवाच जास्त वाटला. गारवा मी तिच्याकडून हिसकावून घेतला असता. हे असलं मन कुठून हिसकावू?

परत जाऊन तिच्या हातातला पंखा ओढून घेतला. "ऊठ. माज्या खोलीत जाऊन पड जरा. आता गार हाय."

ती गेली. मी आत्याबाईंना वारा घालू लागले, तिच्यापेक्षा जोरात.

आत्याबाईंनी डोळे न उघडताच माझा हात धरला. "दमली आसशील. ऱ्हाऊ दे आता, पुष्पा," म्हणाल्या.

मी पंखा तेवढा हळू केला.