पोट मोनालीचं, तोंड रुक्माबाईचं

कॅम्प-१ या कामगार वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत मोनाली आणि तिची सासू रुक्माबाई यांचं सख्य म्हणजे विळ्या-भोपळ्याचं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण दोघी एकमेकींना पाण्यातच पाहत आल्या. मोनालीचा नवरा अतुल पोलादाच्या प्लांटात शिफ्टला निघून जायचा आणि सुटायचा. बायकोसमोर तो बायकोचा आणि आईसमोर आईचा, हा त्याचा जुना धंदा.

सध्या भांडण होतं मोनालीच्या पोटावरून. नऊ वर्षांपूर्वी गोलू आणि गुंजन ही जुळी झाली, तेव्हापासून पोटाची कातडी खाली लोंबत होती. तिनं भात सोडला, चालून चालून वीस किलो वजन उतरवलं, ते दोन वर्षं टिकवलंही. कातडी मात्र जिथल्या तिथे. कुरुदच्या शाळेत दिवसभर उभं राहून शिकवायचं, आणि दुपार झाली की त्या घडीत घाम साचून अशी आग व्हायची की फळ्याकडे तोंड करून ओठ चावावे लागत. उन्हाळ्यात तिथं चट्टे फुटायचे, वास यायचा. स्वतःच्याच अंगाची तिला किळस आली होती. ती जादा कातडी ऑपरेशन करून काढून टाकायची, हे तिनं पक्कं ठरवलं होतं.

"पोट म्हंजे काय ब्लाउज हाय, उसवून आत घ्याले?" रुक्माबाई नळावरच्या बायांना ऐकवायची. "माह्या पोटातून पाच निंगाले. मी गेली का कुठं कापून घ्याले?"

"तुमच्या पोटाले पाच झाले तरी शहाणपण नाही आलं, आत्याबाई," मोनाली बादली उचलता उचलता म्हणायची. "माह्या पोटाचं मी पाहून घेईन."

एका गोष्टीत मात्र दोघींचं एकमत होतं, ते म्हणजे गुडाखू. पहाटे उठलं की बोटावर ते काळं, चिकट मंजन घ्यायचं आणि दातांवर घासत बसायचं. डोकं हलकं होतं, पोट साफ होतं. मोनालीला ही सवय रुक्माबाईनंच लावली, बाळंतपणानंतर पोट गच्च झालं होतं तेव्हा. आता सकाळी, दुपारी शाळेतून आल्यावर आणि जेवण झाल्यावर, तीनदा घासल्याशिवाय तिला चैन पडत नसे. डबीवर काहीबाही इशारा छापलेला असायचा, पण मंजनाची डबी कोण वाचतं?

पद्मनाभपूरच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीत बरंच विचारलं. वजन स्थिर आहे का, आणखी मूल हवंय का, शुगर आहे का. मग सांगितलं, कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत व्रण राहील, तो कायमचा. पोटाला नळ्या लागतील, पट्टा बांधावा लागेल, वाकून चालावं लागेल आणि दीड महिना बादलीला हात लावायचा नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "सिगरेट, बिडी, गुटखा, कुछ लेती हैं?"

"नहीं मॅडम, कुछ भी नहीं," मोनाली म्हणाली, आणि तिच्या मते ती खरंच बोलली.

तारीख ठरली. पण ऑपरेशननंतर घरी जी सांभाळणार तिला घेऊन या, असं बाईंनी बजावलं. मोनालीची आई वारलेली. अतुलची फर्स्ट शिफ्ट. उरली रुक्माबाई.

"आतमध्ये तोंड उघडाचं नाही," ऑटोत बसता बसता मोनालीनं दम भरला. "मॅडम सांगतीन ते आयकाचं, मान हालवाची आन् घरी याचं."

"बरं वं माय," रुक्माबाई म्हणाली. ती इतक्या सहज कबूल झाली तेव्हाच मोनालीला शंका यायला हवी होती.

खुर्चीत टेकल्या टेकल्या म्हातारीनं गाऱ्हाण्यांचं पोतं उसवलं. सून उशिरा उठते. सून उलटं बोलते. "आन् दिवसातून तीनदा गुडाखू घासत बसते, बाई. अर्धा अर्धा तास. लेकरं बोंबलून राहिले तरी उठत नाही. अशीची सेवा मी दीड महिना कावून करू?"

डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं. "गुडाखू? आपने तो कहा था कुछ नहीं लेतीं।"

"मॅडम, वो तो मंजन है," मोनाली म्हणाली.

"तंबाखू है वो," बाई शांतपणे म्हणाल्या. त्या हिंदीतून समजावू लागल्या. पोटाची कातडी सोडवून ताणून शिवतात, तेव्हा तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक नसा आधीच कमी झालेल्या असतात. तंबाखू त्या आणखी आवळते. मग कातडी काळी पडते, मरते, टाके उघडतात आणि पोटावर सडकं भगदाड राहतं. ओढलेली असो की घासलेली, नसांना फरक कळत नाही. त्यांनी तारखेवर काट मारली. "दो महीने बिल्कुल बंद. फिर पेशाब की जांच. उसके बाद बात करेंगे।"

रुक्माबाईला एवढंच कळलं की ऑपरेशन टळलं. परतीच्या ऑटोत ती कॅम्पपर्यंत गालात हसत होती. मोनालीला वाटलं, हिला चालत्या ऑटोतून ढकलून द्यावं.

पुढचे दोन महिने त्या घरात नुसती जाळपोळ होती. मोनालीचं डोकं फुटायचं, पोट साफ होईना, लेकरांवर ती विनाकारण वसवस करायची. आणि रुक्माबाई अगदी तिच्यासमोर पाटावर बसून, चव घेत घेत गुडाखू घासायची. डबी मोरीच्या कट्ट्यावर, झाकण उघडं ठेवून, मुद्दाम विसरायची.

"तुह्यानं नाही होत," ती म्हणायची. "कायले जिवाले तरास देऊन राहिली?"

चौतिसाव्या दिवशी मोनालीचा तोल गेला. तिनं डबीत बोट बुडवलं, तोंडापर्यंत नेलं. वासानंच तोंडाला पाणी सुटलं. तेवढ्यात तिचं लक्ष दाराकडे गेलं. रुक्माबाई चौकटीला टेकून, श्वास रोखून पाहत होती. मोनाली उठली आणि ते बोट तिनं म्हातारीच्या दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या लुगड्याला पुसलं, चांगलं वरपासून खालपर्यंत. त्या दिवशी जे भांडण झालं ते चार घरांनी ऐकलं. पण बोट तोंडात गेलं नाही ते नाहीच.

जांच साफ आली. ऑपरेशन झालं. अतुलला दोनच दिवस सुट्टी मिळाली. मग म्हातारीच बादल्या भरू लागली, सून कमरेत वाकून भिंत धरत चालू लागली, आणि दोघी एकमेकींना घालूनपाडून बोलत राहिल्या. कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही, हे मोनाली रोज स्वतःला बजावायची.

दहाव्या दिवशी ड्रेसिंगला दोघी गेल्या. पट्टा सुटला. डॉक्टरीणबाईंनी टाक्यांच्या वर बोट दाबलं, सोडलं, आणि कातडीवर लाली परत आलेली पाहून मान डोलावली. मग त्या रुक्माबाईकडे वळल्या.

"माताजी, उस दिन आप नहीं बोलतीं, तो ये सारी चमड़ी आज काली होती। हम बचा भी नहीं पाते।"

रुक्माबाई गोंधळली. तिनं सुनेच्या उघड्या पोटाकडे पाहिलं, मग बाईंकडे. कौतुक कसं घ्यायचं हे तिला माहीत नव्हतं, आणि हे तर चुकून पदरात पडलेलं.

"मी त्याच्यासाठी नव्हतं सांगतलं," ती बाहेर आल्यावर म्हणाली.

"मले मालूम हाय," मोनाली म्हणाली.

ऑटो मिळायला वेळ लागला. मोनाली वाकून उभी, एक हात पट्ट्यावर. या बाईचे उपकार आपल्या पोटावर आयुष्यभर राहणार, व्रणासारखे, या विचारानं तिला रडू आलं, संतापाचं. रुक्माबाईनं कनवटीची डबी काढली, झाकण उघडलं आणि न घासताच परत खोचली.

"तू म्हणली होती," ती रस्त्याकडे पाहत म्हणाली, "का आतमध्ये तोंड उघडाचं नाही."

समोर ऑटो थांबली. बारा वर्षांत पहिल्यांदा मोनालीनं तिला आधी बसू दिलं.