बर्फाच्या डब्यातली बाटली

वालीवच्या औषधी गोळ्यांच्या कारखान्यात रुचिताचं बरं चाललं होतं. पण प्रेमलाकाकीच्या छातीत गाठ निघाली. केमोनं काकीचे केस गेले, तोंड आतून सोलवटलं, आणि रुचिताच्या डोक्यात एकच प्रश्न घर करून बसला: औषधानं गाठीला मारावं, सगळ्या अंगाला का? नोकरी सोडून ती विरारच्या कॉलेजात पुन्हा शिकायला गेली. एम.फार्म झालं, मग पीएचडी. औषध पोटात दडवून थेट गाठीपाशी जाणारे आणि तिथंच फुटणारे बारीक कण ती बनवत होती.

नंदाखालला घरी आली की शंकरकाकाला ती सगळं सांगायची. वडलांमागं त्यानंच तिला वाढवलेलं. प्रयोगात उंदरांच्या गाठी आक्रसल्या, हे ऐकून तो वाडीभर सांगत फिरला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांनी काकीची गाठ परत आली.

त्या दुपारी कणांचे नमुने बर्फाच्या डब्यातून मुंबईला तपासणीसाठी न्यायचे होते. वाकडी वाट करून रुचिता घरी जेवायला थांबली.

"तू सावकाश जेव," काका म्हणाला. "हिला सिस्टरकडं सुईला नेऊन आणतो."

केमोनंतर रक्त भरून यायला काकी नेहमीच सुई घ्यायची. रुचिताला काही वाटलं नाही. हात धुऊन तिनं ओट्यावरचा बर्फाचा डबा उचलला, तर झाकण तिरकं. आत एक बाटली कमी.

काका कुठल्या सुईचं म्हणाला, ते तिच्या ध्यानात आलं. काकाला फोन लावला, तो आतल्या खोलीत वाजला. तशीच अनवाणी ती केळीतून धावत सुटली.

रोझमेरी सिस्टरच्या पुढच्या खोलीत काकी बाही वर करून बसली होती. सिस्टर सिरिंज उभी धरून हवा काढत होत्या.

"थांबा! सिस्टर, टोचू नका!"

रोझमेरी दचकल्या. "अगं, तूच पाठवलंयस ना? शंकर तसं म्हणाला."

"मी नाही पाठवलं."

काका मध्ये आला. "टोचू दे गं. डॉक्टरांनी हात टेकलेत. औषध आपल्या घरात तयार होतं आणि हिनं असंच जायचं?"

"काका, ते माणसाचं औषध नाही अजून."

"उंदरांच्या गाठी गेल्या म्हणालीस!"

"गेल्या नाहीत, आक्रसल्या. आणि चार उंदीर मेले. कण गाठीऐवजी यकृतात फुटले." रुचिता म्हणाली. "ते मी घरी बोलले नाही."

काकी एकदा सिरिंजकडं, एकदा नवऱ्याकडं बघत होती. "म्हणजे ही नेहमीची सुई नाही?"

रुचितानं नाही म्हणून मान हलवली.

"मला विचारायचं तरी होतं," काकी म्हणाली आणि तिनं बाही खाली ओढली.

सिस्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. काका पायरीवर जाऊन बसला आणि तोंडावर टॉवेल धरून हुंदके देऊ लागला. रुचिता त्याच्या शेजारी जाऊन बसली, पण त्याच्या पाठीवर हात ठेवायचा तिला धीर झाला नाही.

तिकडं उघड्या डब्यातले बाकीचे नमुनेही तापून वाया गेले. तपासणीची तारीख हुकली, पीएचडी लांबली. गाईडना तिनं घडलं ते सगळं सांगितलं. ते चिडले, मग म्हणाले, "आधी यकृताचं बघ."

काका कितीतरी दिवस तिच्याशी तुटक बोलत राहिला. काकीनं मात्र तिला जवळ बसवून मेलेल्या उंदरांचंही सगळं विचारून घेतलं. पुढं मुंबईच्या एका इस्पितळात दुसऱ्याच एका नव्या औषधाची रीतसर चाचणी सुरू झाली. काय काय बिघडू शकतं, ते संमतीपत्रातून रुचितानं काकीला ओळ न् ओळ वाचून दाखवलं. काकीनं मध्येच तिला थांबवून दोन ठिकाणी पुन्हा वाचायला लावलं, आणि मग स्वतः सही केली.

गाठ गेली नाही. पण वाढायची थांबली आहे.