न टेकणाऱ्या टाचा

“आजी, चपला काढून भिंतीला टेकून उभ्या राहा,” व्यायाम शिकवणारी तरुण डॉक्टर म्हणाली, आणि वहिनींनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. शेजारीच नणंद बसली होती. वहिनी न्हाणीघरात तोल जाऊन पडल्यापासून ती त्यांची पाठ सोडत नव्हती.

ऐन तारुण्यात वहिनी अत्तर-पावडरीच्या मोठ्या दुकानात काउंटरवर होत्या. काउंटरवरच्या मुलींनी उंच टाचाच घालायच्या, अशी तिथली शिस्त. सुरुवातीला पोटऱ्या भरून यायच्या. मग सवय झाली, मग ऐट आली. काय ती टकटक, गिऱ्हाइकं वळून बघायची! नोकरी सुटली, टाचा सुटल्या नाहीत. घरात ओट्यापाशीसुद्धा टाचांच्या सपाता. कुणी विचारलं तर फरशी गार लागते म्हणायचं. अनवाणी व्हायच्या त्या फक्त न्हाणीघरात, कडी लावून, चवड्यांवर.

आताही त्या चवड्यांवरच उभ्या राहिल्या.

“टाचा टेकवा ना.”

त्यांनी जोर केला, तशा पुढेच झुकल्या. डॉक्टरने सावरलं.

“टेकतच नाहीत,” वहिनी पुटपुटल्या. कानशिलं तापली होती.

नणंद वाकून बघत राहिली. “वहिनी, तुझे पाय जमिनीला लागत नाहीत, असं मी जन्मभर म्हणत आले. खरंच लागत नाहीत, हे मला काय ठाऊक?”

डॉक्टर हसली. वहिनींनी चपला पायाने जवळ ओढल्या.

इतक्या वर्षांच्या उंच टाचांनी टाचेमागची शीर आखडली होती, डॉक्टरने सांगितलं. रोज कुणीतरी पाय मांडीवर घेऊन पंजा हळूहळू मागे रेटायचा, नाहीतर पुन्हा पडणं ठरलेलं. “घरी कोण असतं?”

“कोणी नाही.”

“मग मी काय कपाट आहे?” नणंद म्हणाली.

संध्याकाळी ती मांडीवर टॉवेल पसरून पलंगाच्या कडेला बसली. वहिनी पाय देईनात. एकमेकांवर चढलेली बोटं, आत वळलेला अंगठा, कडेचे घट्टे. नवऱ्यालासुद्धा त्यांनी हे कधी नीट पाहू दिलं नव्हतं.

“वन्सं, दिवा तरी घालवा.”

“अंधारात पायाऐवजी मान पिरगाळीन. दे इकडे.”

वहिनींनी पाय पुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. आता टोमणा येईल, मग येईल, म्हणून त्या अंग चोरून पडून राहिल्या. नणंदेने पंजा दोन्ही हातांत धरला, घट्ट्यांवरून हलकेच अंगठा फिरवला आणि एक शब्दही न बोलता रेटायला लागली. त्यापेक्षा टोमणा परवडला असता; वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.