ड्रायव्हरच्या उजवीकडे

पुढे

धडगावच्या जीप स्टँडवर दिपालीने लॅपटॉप बोनेटवर उघडला. शहाद्याची ही पोर पुण्याची नोकरी सोडून आलेली, जीपमधली सीट मोबाईलवर धरायचं स्वतःचं पहिलं ॲप घेऊन. उदेसिंग ड्रायव्हरने होकार दिला तर स्टँडवरच्या सगळ्या जीपा तिच्या. नाहीतर पुन्हा पुणे.

उदेसिंगने स्क्रीनवर बोट फिरवलं. "ताई, मन्हा उजवा हातनी सीट कोठे शे?"

"तठे ते दार शे, भाऊ!"

"दार आनि मन्हा मधमा एक मानूस बसस."

"मंग मी विचारं तवय का नही सांगं?"

"तुम्ही कागद-पेन लिसन उनात. आम्हले वाटनं, आरटीओना शेतस."

मधे

पुढे, मधे, मागे. सीटची ही तीन नावं तिने एका कंपनीच्या तयार कोडमधून घेतलेली. अशा ठरलेल्या नावांच्या यादीला एनम म्हणतात. यादीत हात घालायची सोय नव्हती. मग वारसा! यादीला एक लेकरू काढू: आईचे तीन प्रकार आपोआप मिळतील, चौथा त्याचा स्वतःचा.

लिहिलं.

कोड तपासणारा कंपायलर: नाही.

वेगळं लिहिलं.

कंपायलर: एनमला वारस नाही.

याच्या बापाचं काय जातं?

जात होतं. आईने जगाला शब्द दिलेला, तीनच. त्या शब्दावर कुणी भाडं लावलं, कुणी तिकीट छापलं. लेकरू चौथी सीट घेऊन दारात उभं राहिलं, तर छापणारा विचारणार, तू रे कोण?

मागे

"कॉम्प्युटर नही म्हनस, भाऊ."

"तो बी आरटीओना शे का?"

ती वैतागली. "त्या सीटवर बसस तरी कोन?"

"घाटमा ज्याले उलटी येस तो. खिडकी मोठी शे ना! पन दोन जन भांडतस, आधी माले गरगरनं, आधी माले."

दिपालीचे हात थांबले. हा सीटचा चौथा प्रकार नव्हताच मुळी. मागची सीट धरलेला माणूस मागचाच होता. फक्त पांढराफटक पडलेला.

आणि

तिने लेकरू पुसून टाकलं. तीन नावं तशीच. प्रत्येक तिकिटावर एक बटण आलं: गरगरतंय. आधी दाबेल त्याची खिडकी.

उदेसिंगने मिशीवरून हात फिरवला. "घाटमा चालनं, ते समद्या जीपा तुमन्या. जेवन व्हयनं का, ताई?"

"व्हयनं."

"मंग बेस. बसा एकदम मागे."

तोरणमाळच्या घाटात बटण दाबणारी ती एकटी नव्हती. पहिली मात्र होती. शेजारच्या बाईने तिच्या मोबाईलमध्ये डोकावून पाहिलं, आणि न भांडता स्वतःसाठी प्लॅस्टिकची पिशवी काढली.