दुसरा ब्रेक

मास्तरांचा पाय कधी स्वस्थ नसे. जेवताना टेबलाखाली हलायचा, पेपर वाचताना हलायचा. तळव्यांत सारख्या मुंग्या येत, आणि त्यांना हुसकावायचा तेवढाच उपाय त्यांना सापडला होता. बायकोने विचारलं की "सवय आहे," म्हणून मोकळे. गाडी शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाने पायाची तक्रार सांगायची म्हणजे आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा.

नुकतीच त्यांना शुगर निघाली होती. डॉक्टरीणबाई त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. बाईंनी नायलॉनचा जाडसर दोरा काढला.

"डोळे मिटा, मास्तर. तळव्याला दोरा लागला की 'हो' म्हणा."

मास्तरांनी डोळे किलकिले ठेवले. समोर औषधांच्या कपाटाची काच होती, आणि काचेत बघून अंदाज घेण्यात त्यांचा हात कोण धरणार? बाईंचा हात पुढे आला की हे "हो" म्हणत. पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

"नशीब," बाई म्हणाल्या. "साखर वाढली की पेशींत इंधन जास्त जळतं आणि धूर फार होतो. पुस्तकात त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात, तुम्ही धूरच म्हणा. त्याने नसा आतून खराब होतात. सुरुवातीलाच आवरलं तर पुष्कळ वाचतं. काही वाटलं तर लपवू नका."

"छे, काय लपवायचंय," मास्तर म्हणाले. पण घरी आल्यावर त्यांना चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी सुनेचा धडा होता. शिकाऊ गाडीत मास्तरांच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. शिकणारा चुकला तर तो दाबायचा. सून बरी चालवत होती. वळणावर एक बाई सायकलवरून आडवी आली. "ब्रेक," म्हणत मास्तरांनी पाय दाबला, जीव खाऊन दाबला. गाडी जशीच्या तशी पुढे निघाली. सुनेने तिचा ब्रेक मारला तेव्हा सायकल हातभर अंतरावर होती.

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा बूट ब्रेकच्या शेजारी, रबरी चटईवर घट्ट रोवलेला होता.

"बाबा, तुम्ही का नाही दाबलात?" सुनेने विचारलं. "तुम्ही शेजारी असता म्हणून मी बिनधास्त असते."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला वाटलं, दाबला," ते शेवटी म्हणाले. "गाडी इथेच लाव. आपण चालत दवाखान्यात जाऊ."

"काल मी कॉपी केली," बाईंसमोर त्यांनी सांगून टाकलं. आज ते कपाटाकडे पाठ करून बसले, डोळे घट्ट मिटले आणि पाय न हलवता पुढे केले. वाट बघत राहिले. खोलीत कुणी बोलत नव्हतं.

"करा की सुरू," ते अखेर म्हणाले.

सुनेचा हात त्यांच्या खांद्यावर आला. तेवढा त्यांना नीट कळला.

"बाबा, डोळे उघडा. दोन्ही पाय कधीच तपासून झाले."