फलकच्या ताटातला माझा वाटा

मी कोंबडी. थांबा, एवढ्यात तोंडाला पाणी सुटू देऊ नका. मला चार गोष्टी सांगायच्या आहेत आणि त्यातली एखादी तुमच्या घरच्या पोराबाळांच्या उपयोगाचीही निघेल.

माझं नाव खारी. वडगाव मावळात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत हमीदभाईंचं घर आहे आणि त्यांच्या मागच्या अंगणात माझं खुराडं. जन्म मात्र शेजारच्या सरुबाईंच्या गोठ्यातला. भाताच्या पेंढ्यावर माझ्या आईनं आम्हा भावंडांना उबवलं. सगळ्यांत मीच देखणी निघाले. हे मी नाही, सरुबाई सांगतात.

मी अंडी घालायच्या वयात आले तेव्हा सरुबाईंनी मला काखोटीला मारलं आणि कुंपणाच्या फटीतून पलीकडे दिलं.

"उम्मे, ही घे. रोज अंडं घालती. पोरीला उकडून घाल, लय ताकद येती बघ."

उम्मेहानी म्हणजे हमीदभाईंची बायको आणि पोरगी म्हणजे त्यांची चार वर्षांची फलक. हाडं दिसणारी, मोठ्या डोळ्यांची. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि माझं नाव ठेवलं, खारी. माझा रंग खारी बिस्किटासारखा आहे आणि फलक जगात जे थोडंफार खायची त्यात खारीचा नंबर पहिला होता. म्हणजे हा मोठाच मान होता, पण ते मला नंतर कळलं.

कारण माझ्या अंड्याचा तिनं पहिल्याच दिवशी अपमान केला. उम्मेहानीनं उकडलेलं अंडं सोलून पुढं धरलं, तर ही नाक दाबून ओकाऱ्या द्यायला लागली. मी अंगणातून सगळं बघत होते. इतक्या कष्टानं घातलेलं अंडं! मला भारी राग आला.

पुढं समजलं, की अंड्याचं काही खास नव्हतं. फलक कुठलीच ओली वस्तू खायची नाही. वरणभात, खिचडी, उपमा, केळं, काही म्हणजे काही नाही. खारी, टोस्ट, कुरमुरे, भाजलेला पापड आणि बाटलीतून दूध, एवढ्यावर तिचा कारभार. भाताचं एक शीत जरी बोटाला चिकटलं तरी हात झटकत रडायची आणि कुणीतरी तो धुऊन देईपर्यंत थांबायची नाही. हमीदभाई लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात कामाला. येताना चिक्कीचे तुकडे आणायचे. चिकट म्हणून तेही परत.

माणसांच्या घरात लहान मूल जेवायला बसलं, की मोठी माणसं अशी का वागतात हे मला न सुटलेलं कोडं आहे. आमच्यात आई जमिनीवर चोच आपटून दाणा दाखवते आणि बाजूला होते. पिल्लाला हवं तर पिल्लू खातं. इथं उम्मेहानी घास घेऊन घरभर पळायची. हमीदभाई मोबाइलवर गाणं लावून, कंबरेला टॉवेल बांधून नाचायचे आणि लेकीनं हसायला तोंड उघडलं, की घास आत! तो घास जितक्या चपळाईनं आत जायचा तितक्याच चपळाईनं बाहेर यायचा. मग आई रडायची, मुलगी रडायची आणि हमीदभाई टॉवेल सोडून त्यानंच सांडलेलं पुसायचे. गल्लीतल्या बायका जाता-येता म्हणायच्या, आईलाच भरवायची हातोटी नाही. उम्मेहानी ते ऐकून मान खाली घालायची. मला तिची फार दया यायची.

लहान मुलांना भरवताना एक घास चिऊचा, एक काऊचा म्हणायची पद्धत तुम्हाला ठाऊकच असेल. चिऊ-काऊ हाताशी नसतील, तर जे असेल त्याचं नाव घ्यायचं. एके दिवशी उम्मेहानी थकून म्हणाली, "खा गं बेटा. नाहीतर खारी खाऊन टाकेल हं!"

फलकनं यावर नीट विचार केला. तिला ही कल्पना एकदम पटली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अम्मी, मी मागच्या पायरीवर बसून माझी माझी जेवणार. कुणी यायचं नाही." आणि ताट घेऊन आली ती थेट माझ्यापुढं.

"खा," ती म्हणाली.

मी खाल्लं. तुम्ही काय केलं असतं? इंद्रायणी तांदळाची मऊ खिचडी होती, वर तूप.

आत रिकामं ताट गेलं आणि उम्मेहानीला आकाश ठेंगणं झालं. दाराआडून एकदा डोकावून बघावं असं तिला वाटायचं, पण नजर लागेल या भीतीनं ती बघायची नाही. मधल्या वेळेत पोरगी टोस्ट आणि दुधावर असायची, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. मी मात्र चांगली गुबगुबीत झाले. सरुबाई कुंपणावरून म्हणायच्या, "उम्मे, तुझी कोंबडी लय मानवली गं!"

याच सुमाराला समीक्षाताई येऊ लागली. नीट न जेवणाऱ्या मुलांवर संशोधन करणारी एक संस्था लोणावळ्यात आहे, तिच्यातर्फे ती मावळातली गावं फिरायची. स्कूटीच्या डिकीत दोन काटे, एक छोटा ताटासाठी, एक मुलाला उभं करायला. जेवणाआधी ताट तोलायचं, जेवणानंतर तोलायचं आणि मुलाचंही वजन घ्यायचं. फलक परक्यांपुढं जेवत नाही म्हणून ताई बिचारी पुढच्या खोलीत बसून राहायची. ताट आत यायचं चाटूनपुसून. (पुसलेलं मी.)

"जेवते तर छान," ताई पेन दाताखाली धरून म्हणायची. "मग वजन का वाढत नाही?"

पुन्हा पुन्हा असंच झालं, तेव्हा तिचा चेहरा गंभीर झाला. "वहिनी, खाल्लेलं अंगी लागत नाहीये. पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवावं लागेल. कदाचित नळी घालून पोट तपासतील."

नळीचं नाव काढताच उम्मेहानी पांढरीफटक पडली. एवढ्याशा पोरीच्या नरड्यातून नळी! त्या दिवशी ती मला दाणे टाकायलाही विसरली. मला काही कमी पडलं नाही म्हणा.

दवाखान्याची चिठ्ठी घेऊन समीक्षाताई आली तो हमीदभाईंच्या सुट्टीचा दिवस होता. ते आत घोरत होते, उम्मेहानी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. कडी वाजवूनही कुणी दार उघडेना, म्हणून ताई बोळातून मागच्या अंगणात आली.

आम्ही दोघी जेवणात दंग होतो. फलकनं ओंजळभर खिचडी घेतली होती आणि मी तिच्या तळहातावरून टिपत होते. तिला गुदगुल्या होत होत्या, ती खिदळत होती. ताई जागच्या जागी उभी राहिली. एवढ्यात वरून उम्मेहानी उतरली.

"या अल्लाह! म्हणजे इतके दिवस ही खात होती?"

आरडाओरडा ऐकून हमीदभाई डोळे चोळत आले आणि सगळं कळल्यावर माझ्याकडे बोट दाखवून गरजले, "आज हिचा रस्साच करतो!"

फलकनं खिचडीच्या हातांनीच मला पोटाशी धरलं आणि अशी किंचाळली, की सरुबाई कुंपणाशी धावत आल्या. "काय झालं वं? पोरगी का वरडती?"

"थांबा भाऊ," समीक्षाताई म्हणाली. "कोंबडी राहू द्या. आधी फलकचे हात बघा."

सगळ्यांनी बघितलं. मनगटापर्यंत खिचडी. एका शितासाठी घर डोक्यावर घेणाऱ्या मुलीचे हात होते ते.

ताई पायरीवर बसली. "काही मुलांना ओलं, मऊ अन्न हाताला आणि जिभेला सहनच होत नाही. आपल्याला गोगलगाय हातात घ्यायला सांगितली तर कसं होईल, तसं त्यांना भाताचं होतं. हा हट्ट नसतो. आणि वहिनी, यात तुमची काहीच चूक नाही. चुकले मी. ताट तोलत बसले, तोंड बघितलंच नाही."

उम्मेहानी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. तुमची चूक नाही, हे तिला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. हमीदभाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि माझा रस्सा त्या गडबडीत राहून गेला.

ताईनं फलकला लोणावळ्याला संस्थेतल्या डॉक्टरबाईंना दाखवून घेतलं. गिळण्यात काही अडचण नव्हती. दिवाळीपर्यंत बघू, तोवर वजन हललं नाही तर मात्र पुणं, असं ठरलं. आणि घरात नवे कायदे झाले. मोबाइल बंद. पळापळ बंद. सगळ्यांनी अंगणात एकत्र जेवायचं. फलकला कुणी भरवायचं नाही, फलक मला भरवणार. तिच्या तोंडात काही गेलंच, तर टाळ्या नाहीत, शाबासकी नाही, काहीसुद्धा बोलायचं नाही.

गप्प बसणं हमीदभाईंना फार जड गेलं. सरुबाईंना त्याहून जड. एकदा मी पंख झटकले आणि वरणभाताचा शिंतोडा फलकच्या ओठावर उडाला. तिची जीभ आपोआप बाहेर आली आणि तो चाटून आत गेली. ती थबकली. आम्ही सगळेच थबकलो.

"आगं बया, खाल्ल—" कुंपणावरून सरुबाई ओरडल्या आणि पुढचं वाक्य पदराचा बोळा तोंडात कोंबून अडवलं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं समजू नका. एकदा ओकली आणि पुन्हा कितीतरी दिवस टोस्टवर गेली. उम्मेहानीचे डोळे भरायचे. ताई म्हणायची, "चालायचंच." मग पुन्हा एक बोट चाटलं गेलं. मग अर्धा चमचा. मग "एक तुला, एक मला" असा हिशेब सुरू झाला आणि त्यात ती लबाडी करू लागली. मला लहान घास, स्वतःला मोठा. माझा वाटा घटत चालला आणि मी तक्रार कुणाकडे करणार?

दिवाळीच्या तोंडावर समीक्षाताईनं फलकला काट्यावर उभं केलं. फार नाही, पण वजन वाढलं होतं. पुण्याची चिठ्ठी तिनं फाडून टाकली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माणसांना असं झालं की बरं वाटतं. आम्हा कोंबड्यांना मात्र भांड्याची भीतीच फार.

आता माझं वय झालंय. अंडी रोज होत नाहीत. समीक्षाताई अजून येते. संस्थेतले लोक तिला कोंबडीताई म्हणतात आणि ती हसते. तिनं त्यांना बजावलंय, की दरेक मुलाला कोंबडी आणून देऊ नका, आधी त्या मुलाकडे नीट बघा. माझंही तेच सांगणं आहे. घास घेऊन पोरांच्या मागं धावू नका. दाणा दाखवा आणि जरा बाजूला व्हा. आणि शेजारीपाजारी मूल जेवत नसेल, तर त्याच्या आईला चार शब्द बरे बोला.

परवाची गोष्ट सांगते आणि खुराड्यात जाते. उम्मेहानीनं माझ्याच अंड्याची पोळी केली होती, कडेनं कुरकुरीत, मधे मऊ. फलक ताट घेऊन पायरीवर आली. मी सवयीनं पुढं झाले, चोच लावणार तोच तिनं दोन्ही हातांनी ताट झाकलं.

"न्नाही," ती म्हणाली. "हे माझंय."

अंगणात कुणी काही बोललं नाही. कायदाच होता तसा. उम्मेहानी आपल्या ताटात बघत राहिली, पण तिची भाकरी भिजत होती ती काही कालवणानं नाही. हमीदभाई पाणी आणतो म्हणून उठले आणि दाराआड गेले. तिथं लेकीला दिसणार नाही अशा बेतानं त्यांनी टॉवेल कंबरेला बांधला आणि गाण्याशिवायच नाचले. ते फक्त मला दिसलं.

थोड्या वेळानं फलकनं ताट माझ्यापुढं सरकवलं. मी चारी बाजूंनी चोच मारून बघितली. एक कणसुद्धा उरला नव्हता.